तिरंदाजाची ढाल कोणाच्या हातात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टेबलाभोवती बसून, कागद, पेन्सिल आणि वीस बाजूंचा फासा घेऊन खेळल्या जाणाऱ्या रोलप्लेइंग खेळांविषयी मराठी वृत्तपत्रांत क्वचितच काही छापून येते, आणि जे येते ते बहुधा मुलांनी काही तास मोबाइल बाजूला ठेवला या कौतुकापाशी थांबते. माझे म्हणणे त्या खेळांतील एका नियमापुरते आहे. विषय लहान वाटला तरी त्यामागे युद्धाच्या इतिहासाचे मोठे दालन आहे आणि आपल्याकडची हुशार मुले त्याच्या दाराशी येऊन परत जातात, याची मला मनापासून खंत वाटते, म्हणून हे पत्र.

मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले. गेली चार वर्षे दर शनिवारी संध्याकाळी माझा भाचा आणि त्याचे चार मित्र माझ्या घरी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतात आणि डन्जन मास्टरची, म्हणजे गोष्ट चालवण्याची आणि निवाडा करण्याची, जबाबदारी माझ्याकडे असते. त्यांच्यातील एकाचे पात्र तिरंदाज आहे. मागच्या पावसाळ्यात एका लढाईत त्या पात्राला लागोपाठ तीन बाण लागले, तेव्हा त्या मुलाने मला विचारले, “मावशी, माझ्या माणसाला ढाल का घेता येत नाही?” नियमाप्रमाणे उत्तर सोपे होते: धनुष्याला दोन हात लागतात, ढालीला एक, आणि माणसाला तिसरा हात नसतो. पण शिक्षकाला एवढ्यावर थांबता येत नाही. खऱ्या युद्धांत तिरंदाज उघड्यावर उभे राहून मरत होते का? तसे नसेल, तर त्यांचे रक्षण कशाने होत होते?

पहिले उत्तर आम्हाला आपल्याच महाभारतात मिळाले. चक्रव्यूहात शिरलेला अभिमन्यू रथात असतो तोवर त्याच्या हातात धनुष्य असते. कर्ण त्याचे धनुष्य तोडतो, कृतवर्मा घोडे मारतो, कृप रथाच्या बाजूंचे रक्षक मारतो, आणि त्यानंतरच अभिमन्यू ढाल-तलवार उचलून खाली उडी घेतो. धनुष्य गेल्याखेरीज ढाल हाती येत नाही, हे महाभारतकाराला पक्के ठाऊक आहे. त्याच प्रसंगात दुसरीही गोष्ट आहे, जी आपण ऐकताना सोडून देतो. ती म्हणजे रथावरच्या धनुर्धराला बाजूंचे रक्षक असतात. अर्जुनाचे चक्ररक्षक युधामन्यू आणि उत्तमौजा यांची नावे त्या युद्धाच्या वर्णनात पुन्हा पुन्हा येतात. अर्जुनाचे दोन्ही हात गांडीवावर मोकळे राहतात ते रथाची चाके दुसरे कोणी सांभाळते म्हणून.

ग्रीकांच्या इलियडच्या आठव्या सर्गात हेच अधिक उघडपणे दिसते. ट्यूक्रोस हा तिरंदाज आपला सावत्र भाऊ अयास याच्या प्रचंड ढालीमागे उभा असतो. अयास ढाल थोडी बाजूला करतो, ट्यूक्रोस नेम धरून बाण सोडतो आणि मूल आईच्या कुशीत शिरावे तसा पुन्हा भावाकडे धाव घेतो. असे अनेक बाण सुटतात. पुढे तो प्रत्यंचा ओढत असताना, म्हणजे उघडा असतानाच, शत्रूपक्षाचा, ट्रॉयचा वीर हेक्टर त्याला दगड मारतो. दगड गळपट्टीच्या हाडाजवळ बसतो, प्रत्यंचा तुटते, आणि अयास धावत येऊन त्याच्यावर ढाल धरतो. ढाल, तिची फट, फटीतला धोक्याचा क्षण आणि ती धरणारा माणूस, असे सगळे त्या काही ओळींत आहे. त्यावर मला खेळाचा पूर्ण नियम उभा करता आला.

आता खेळाचे नियम काय सांगतात ते पाहावे लागेल. 2014 साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत हातातली ढाल आर्मर क्लासमध्ये, म्हणजे वार लागण्यासाठी शत्रूला गाठाव्या लागणाऱ्या आकड्यात, 2 ची भर घालते. आडोशाला वेगळा नियम आहे: निम्मे अंग झाकले असेल तर 2, तीन चतुर्थांश झाकले असेल तर 5, आणि पूर्ण झाकले असेल तर शत्रूला नेमच धरता येत नाही. आमच्या टेबलावर आम्ही यांना अर्धा आडोसा, पाऊण आडोसा आणि पूर्ण आडोसा म्हणतो. ‘पाऊण’ हा आपला रोजचा शब्द इतका चपखल बसतो, की तो वापरायला लागल्यापासून मुले नियमपुस्तकातला शब्द विसरूनच गेली. फरक आकड्यांत सांगायचा तर 14 आर्मर क्लास असलेल्या तिरंदाजावर फाशावरच्या आकड्यात 5 मिळवणाऱ्या शत्रूचा वार फाशाच्या वीसपैकी 12 आकड्यांवर लागतो. अर्ध्या आडोशाला तो 10 आकड्यांवर येतो आणि पाऊण आडोशाला 7 वर. लागणारे बारा वार सातावर येणे म्हणजे त्या पात्राचे जगणे-मरणे ठरवणारा फरक आहे.

या नियमांत दोन उणिवा आहेत असे मला वाटते. पहिली अशी, की मध्ये कोणीही उभे असले, मित्र असो वा शत्रू, तर त्याचा अर्धा आडोसा धरला जातो. तो माणूस रिकाम्या हातांचा असला काय किंवा त्याने अंगभर ढाल धरली काय, आकडा तोच. शिवाय नियम अक्षरशः वाचला तर अयासाच्या मागून सोडलेल्या ट्यूक्रोसच्या प्रत्येक बाणापासून शत्रूलाच 2 चे संरक्षण मिळते, कारण बाणाच्या वाटेत अयास उभा आहे. शेजाऱ्याला ढालीने वाचवण्याची एक युद्धशैली पुस्तकात आहे, हे खरे, पण ती ठरावीक प्रशिक्षित योद्ध्यांनाच घेता येते आणि एका फेरीत एकाच वारापुरती चालते. दुसरी उणीव याच्या उलट बाजूची आहे. चाल तुकड्यांत करता येत असल्यामुळे तिरंदाज भिंतीमागून बाहेर येतो, बाण मारतो आणि त्याच वळणात, म्हणजे आपल्या त्याच पाळीत, पूर्ण आडोशाला परत जातो. शत्रूने आपली कृती अशा क्षणासाठी राखून ठेवली नसेल, तर हेक्टरला दगड मारायला क्षणच उरत नाही. म्हणजे ढालीची जोडी निरुपयोगी आणि दगडी कोपरा अजिंक्य, असा निकाल लागतो.

मुलांना मी जी उदाहरणे दाखवली त्यांत अश्शूरी शिल्पपट पहिले होते. अश्शूरी राजधानी निनवेच्या राजवाड्यातील भिंतींवर इ.स.पू. 701 च्या लाखीश या यहुदी शहराच्या वेढ्याची दृश्ये कोरलेली होती आणि ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. अश्शूरी शिल्पांत वेढ्याच्या प्रसंगी तिरंदाज वारंवार जोडीने दिसतात: एकाच्या हाती धनुष्य, दुसऱ्याच्या हाती माणसाहून उंच, वेतावेळूंची विणलेली वाटावी अशी ढाल. काही ढालींचा वरचा भाग मागे वळवलेला आहे, म्हणजे तटावरून येणारा दगड आणि बाण डोक्यावरही अडावा. हे पाहिल्यावर तिरंदाजाच्या मालकाने लगेच विचारले, की मग आडोसा वरूनही मोजायला हवा का. मला त्या प्रश्नाचा फार आनंद झाला.

इराण्यांनी हीच कल्पना रांगेत नेली. इ.स.पू. 479 मध्ये प्लाटियाच्या लढाईत त्यांनी विणलेल्या ढालींचे कुंपण उभे करून त्यामागून बाणांचा वर्षाव केला, असे हिरोडोटस सांगतो. स्पार्टाचे सैनिक शकुन अनुकूल होईपर्यंत तो वर्षाव सोसत बसले. मग त्यांनी चढाई केली, पहिली झुंज त्या कुंपणापाशी झाली, आणि कुंपण पडल्यावर इराणी शौर्यात कमी नसूनही जड चिलखताअभावी मारले गेले. यातून मुलांना मी एक गोष्ट सांगते: आडोशाला आयुष्य असते, आणि ते संपल्यावर तिरंदाज होता तसा उघडा पडतो.

युरोपातील पॅव्हिस हे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. लाकडाची, वरून कापड किंवा चामडे चढवून रंगवलेली, मधोमध उभा पोकळ कणा असलेली ही मोठी ढाल टेकूच्या आधाराने जमिनीवर उभी करत आणि क्रॉसबोधारी, म्हणजे दांड्यावर आडवे बसवलेले धनुष्य वापरणारे, सैनिक तिच्यामागे आपले शस्त्र ताणत. क्रॉसबो ताणायला वेळ लागतो. रिकाबीत पाय अडकवून, वाकून, दोर वर ओढावा लागतो, आणि तेवढा वेळ सैनिक अगदी असहाय असतो. 26 ऑगस्ट 1346 रोजी क्रेसी येथे फ्रान्सच्या राजाच्या पदरच्या जेनोआच्या क्रॉसबोधाऱ्यांना लांबच्या वाटचालीनंतर तसेच पुढे पाठवले गेले, आणि त्यांच्या पॅव्हिस मागे सामानाच्या गाड्यांतच राहिल्या होत्या. इंग्रजांच्या लांब धनुष्यांपुढे ते टिकले नाहीत, मागे फिरले, आणि त्यांच्याच बाजूच्या सरदारांनी त्यांच्यावर घोडे घातले. त्या माणसांना भेकड ठरवले गेले ते अन्यायाचे होते असे माझे स्पष्ट मत आहे. आडोशाशिवाय त्यांना उभे करणाऱ्यांचा तो दोष होता. हा प्रसंग मी टेबलावर जसाच्या तसा खेळायला दिला, तेव्हा पाचपैकी चार मुलांनी पहिल्याच वळणाला विचारले, “गाड्या किती लांब आहेत?”

जपानमध्ये ‘ताते’ नावाच्या लाकडी फळ्या मागे टेकू लावून रांगेने उभ्या करत आणि त्यांच्याआडून बाणांची लढाई सुरू होई. बोहेमियात यान झिश्काच्या हुसाइट सैन्याने 1420 च्या दशकात शेतकऱ्यांच्या गाड्या मजबूत करून, एकमेकींना साखळीने जोडून त्यांचाच कोट केला. आत क्रॉसबो आणि बंदुका, आणि शेजारी मळणीच्या दांड्यांची शस्त्रे घेतलेले लोक. उलट 1415 साली अ‍ॅझिनकोर्टला इंग्रज तिरंदाजांनी पुढे रोवलेले टोकदार खुंट बाणांपासून काहीच वाचवत नव्हते, ते घोड्यांसाठी होते. खेळात मात्र आडोसा एकाच मापाने मोजला जातो. कशापासून, हा प्रश्न विचारलाच जात नाही.

भारताविषयी अरियन या ग्रीक इतिहासकाराने सिकंदराचा नौदलप्रमुख निआर्कस याच्या आधारे जे लिहिले आहे ते वाचताना मी नेहमी थबकते. भारतीय पायदळाचे धनुष्य माणसाएवढे उंच, ते जमिनीवर टेकवून डाव्या पायाने दाबून बाण सोडतात, आणि डाव्या हाती कच्च्या चामड्याची ढाल असते, रुंदीला माणसाहून कमी पण उंचीला फारशी उणी नाही. धनुष्य, पाय, हात आणि ढाल यांची ही मांडणी एकाच वेळी कशी साधत असेल? माझा तर्क असा, की बाण सोडताना ती ढाल खांद्याला अडकवलेली किंवा शेजारी उभी असावी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागारातील आवरणांच्या यादीत ‘कवाट’ हा शब्द आहे, म्हणजे दार. दारासारखी फळी हे आवरण असू शकते हे त्या काळच्या लोकांना सांगावे लागत नव्हते. आपल्या किल्ल्यांच्या तटातल्या जंग्या, म्हणजे मारा करण्याची भोके, तर शाळेच्या सहलीला गेलेल्या प्रत्येकाने पाहिल्या आहेत. त्या बंदुकीसाठी आहेत, पण आतल्या माणसाला दिसावे आणि बाहेरच्याला तो दिसू नये, ही युक्ती तीच. ज्या शब्दाला आज आपण मिरवणुकीचा अर्थ देतो तो ‘मोर्चा’ वेढ्याच्या कागदपत्रांत वेढा घालणाऱ्याचे सुरक्षित ठाणे असतो, हेही मुलांना ठाऊक नव्हते.

या सगळ्यावरून आम्ही आमच्या टेबलासाठी जे नियम बसवले ते थोडक्यात मांडते, कारण केवळ तक्रार करून उपयोग नाही. उभी करण्याची ढाल लावायला एक संपूर्ण कृती खर्च होते. ती एकाच बाजूने पाऊण आडोसा देते, बाकीच्या तीन बाजू उघड्या. या खेळात पात्राचे तोंड कुठे आहे हे एरवी मोजत नाहीत, त्यामुळे मुलांनी नकाशावर एक आगपेटीची काडी ठेवायला सुरुवात केली आणि ती काडी हीच ढाल. क्रॉसबोधारी खाली बसून शस्त्र ताणत असेल त्या वळणाला त्याला पूर्ण आडोसा, आणि मारील त्या वळणाला पाऊण. लांब धनुष्यवाल्याला उभे राहावे लागते, म्हणून तो दर वळणाला बाण मारू शकला तरी त्याला अर्धाच आडोसा. या एका फरकाने दोन शस्त्रांना जे वेगळेपण आले ते नुकसानीच्या फाशांनी कधी आले नव्हते. जो तिरंदाज आडोशाबाहेर येऊन मारतो तो पुढच्या वळणापर्यंत अर्ध्या आडोशातच धरला जातो, परत आत गेला तरीही. हेक्टरचा दगड एवढ्यासाठीच.

जोडीसाठी आम्ही ‘ढालाईत’ हा शब्द घेतला. ढालाईताने आपली कृती शेजाऱ्याला झाकण्यात घालवली, तर शेजाऱ्याला त्या बाजूने पाऊण आडोसा मिळतो, त्याने बाण मारला तर अर्धा. आणि सरावाची जोडी असेल तर त्याच्या बाणाच्या वाटेत ढालाईताचा अडथळा मोजत नाहीत. ढालाईत पडला की सगळे संपले. लाकडी ढालीला आम्ही पुस्तकातलेच माप लावतो, लाकडाचा आर्मर क्लास 15 आणि मध्यम आकाराच्या भक्कम वस्तूची 18 ताकद, म्हणजे मोडण्यापूर्वी सोसता येणारा मार, पण साध्या बाणाने ती कमी होत नाही. कुऱ्हाड, आग आणि मोठा दगड यांनीच होते. विणलेली ढाल हलकी असल्याने तिच्यासह धावता येते, पण तिची ताकद निम्मी. आडोशाकडे दुर्लक्ष करून नेम साधणारे जे विशेष कौशल्य नियमपुस्तकात आहे, ते उभ्या फळीसमोर पाऊण आडोसा अर्ध्यावर आणते, पुसून टाकत नाही. शेवटी कोणत्याही कौशल्याने लाकूड पारदर्शक होत नाही.

यावर मला एक गंभीर आक्षेप ऐकायला मिळाला आहे, आणि तो घेणारी माणसे हा खेळ माझ्याहून जास्त वर्षे खेळलेली आहेत: खेळाला इतिहासाचे ओझे लावले तर तो संथ होतो, आणि दुसऱ्यासाठी ढाल धरण्याचे कंटाळवाणे काम कोणता खेळाडू घेईल? पहिला भाग मी काही अंशी मान्य करते. आमची पहिली अशी लढाई दोन तास चालली आणि मी सुरुवातीला केलेला दिशेचा नियम इतका किचकट होता, की तो मला टाकून द्यावा लागला. काडीची युक्ती त्यानंतरची. दुसरा भाग मात्र माझ्या अनुभवाला उतरत नाही. आमच्या गटात सर्वांत अबोल असलेल्या मुलाने ढालाईताचे पात्र स्वतःहून मागून घेतले. त्याआधी तो आपल्या वळणाला “मी मारतो” एवढेच म्हणत असे. आता तो तिरंदाजाला कधी उठायचे आणि कधी बसायचे ते सांगतो, आणि तिरंदाज त्याचे ऐकतो, कारण ऐकले नाही तर काय होते हे त्याने तीन बाणांनी शिकून घेतलेले आहे.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 मध्ये हा खेळ प्रसिद्ध केला, तो मध्ययुगीन युद्धाच्या छोट्या पुतळ्यांनी खेळायच्या 1971 च्या नियमांतून वाढलेला होता. म्हणजे युद्धेतिहास हा त्याच्या मुळाशीच आहे. आज महाराष्ट्रातील अनेक तरुण स्वतःचे खेळ रचत आहेत, त्यांत मावळे येतात, गड येतात, आणि तरीही तिरंदाज आणि बरकंदाज, म्हणजे बंदूकधारी, उघड्या मैदानात एकटेच उभे केलेले दिसतात. त्यांनी आकडे ठरवण्यापूर्वी शस्त्र धरायला किती हात लागतात ते मोजावे, एवढी माझी विनंती आहे. आपल्या पुरवणीत गडकिल्ल्यांवर नियमित लेख येतात. त्यांतून तटावरच्या आणि वेढ्यातल्या आडोशांवर, म्हणजे चर्या, जंग्या, मोर्चे यांवर, आकृत्यांसह एखादा लेख आला, तर तो या तरुणांना थेट उपयोगी पडेल.

आमचा एक प्रश्न अजून सुटलेला नाही. घोड्यावरच्या तिरंदाजाला ना फळी उभी करता येते, ना ढालाईत सोबत ठेवता येतो. जपानी सामुराईंनी जुन्या चिलखताला दोन्ही खांद्यांवर मोठे चौकोनी पट्टे लटकवून यावर उपाय शोधला होता. हात धनुष्यावर असताना ते पट्टे ढालीचे काम करत. याला अर्धा आडोसा म्हणावे, की चिलखताचाच भाग समजावा, यावर आमच्या टेबलावर तीन शनिवार वाद झाला आणि निर्णय झाला नाही. वाचकांपैकी कोणी हा नियम खेळून पाहिला असेल तर त्यांनी आपल्या सदरातून जरूर लिहावे. मुले वाट पाहत आहेत.

आपली नम्र,
एक निवृत्त इतिहास-शिक्षिका, सातारा